अंगठ्याच्या आधी

सकाळचं कॉलेज आटोपलं की मी दर्यापूरच्या कोर्टाच्या आवारात एका अर्जनवीसाच्या टेबलाशी येऊन बसायचो. माझं अक्षर बरं होतं, म्हणून त्यांनी ठेवून घेतलं होतं. त्यांना सगळे बाबूजी म्हणत. निंबाखाली एक डुगडुगतं टेबल, त्यावर फुलस्केप कागदांचा गठ्ठा, कार्बन, टाचण्यांची डबी, आणि खणात शाईचं पॅड. सावली सरकली की टेबलही सरकायचं. दुपारच्या चहापर्यंत आम्ही झाडाची अर्धी फेरी पुरी केलेली असायची.

एका दुपारी पन्नाशीचा एक शेतकरी आला. दुपट्ट्याच्या गाठीतून त्यानं प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून घडी केलेला कागद. म्हणाला, “बाबूजी, याच्यात काय लिहेल हाय थे पाहा बरं.” धुऱ्याच्या वादातलं समन्स होतं. हजर राहण्याची तारीख उलटून अडीच महिने झाले होते. कागद आणणाऱ्यानं सही घेतली होती, पण आत काय आहे ते काही सांगितलं नव्हतं. सरकारी कागद पावसात भिजू नये म्हणून या गृहस्थांनी तो देवाच्या फोटोमागं जपून ठेवला होता. इकडे दावा एकतर्फी पुढं सरकला होता. बाबूजी म्हणाले, आता आधी वकील करा. त्यावर त्याचं उत्तर असं: “म्या काही केलंच नाही, तं वकील काहून करू?”

ते उत्तर मला तेव्हा अडाणीपणाचं वाटलं होतं. आता वाटतं, ज्यांना वकील लागतो आणि मिळत नाही अशांविषयीच्या या पुस्तकाचा सगळा विषय त्या एका वाक्यात आला होता. वकील करायचा तो ज्यानं काही केलं आहे त्यानं, ही समजूत आपल्या गावांत खोल रुतलेली आहे. ताप आला की डॉक्टरकडं जाणारा माणूस कागद आला की वकिलाकडं जात नाही. तो कागद जपून ठेवतो. वकिलापर्यंत पोचतो तेव्हा इसारपावती झालेली असते, कोऱ्या स्टॅम्पवर अंगठा उमटलेला असतो, साडीचोळीच्या बदल्यात बहिणीनं हक्कसोडपत्रावर सही केलेली असते. पुढं वकील किती का हुशार असेना, त्याच्या हाती डागडुजीच उरते. तालुक्यात वकील किती आहेत, त्यांची फी परवडते का, हे प्रश्न खरेच आहेत. पण न्यायाच्या वाटेवर वकील कोणत्या वळणावर भेटतो, हा प्रश्न मला त्याहून मोठा वाटतो.

आणि ही वऱ्हाडची जुनी कथा आहे. दर्यापूरला लागूनच मूर्तिजापूर तालुका, त्यातलं दापुरे हे गाव. १८७६ साली जन्मलेला डेबूजी तिथं मामाकडं वाढला. पुढं जग त्याला गाडगेबाबा म्हणून ओळखू लागलं. त्यांच्या चरित्रांत मामाची कथा येते: कर्ज, सावकार, कागद, आणि हातची गेलेली जमीन. मामा त्या धक्क्यातून उठलेच नाहीत. शेतावर ताबा घ्यायला माणसं आली तेव्हा तरुण डेबूजी आडवा उभा राहिला, हेही सांगतात. बाबा पुढं आयुष्यभर कीर्तनातून ‘कर्ज काढू नका, पोरांना शिकवा’ म्हणत राहिले, ते मला या कागदापासून वेगळं काढता येत नाही. बाबांच्या हातातला खराटा पुढचा, आधी तो कागद होता.

गंमत अशी की त्याच काळात इथून पन्नासेक किलोमीटरवरच्या अमरावतीत देशातले नामांकित वकील बसत होते. रंगनाथ नरसिंह मुधोळकर १९१२ साली बांकीपूरच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. मोरोपंत जोशी होते. दादासाहेब खापर्डे होते. त्यांच्या वकिलीच्या मिळकतीच्या आणि दिलदारपणाच्या कथा अजून संपलेल्या नाहीत. टिळकांना १९०८ साली राजद्रोहाची शिक्षा झाली तेव्हा प्रिव्ही कौन्सिलमधल्या अपिलाच्या खटपटीसाठी खापर्डे विलायतेला गेले आणि दोनेक वर्षं तिथं राहिले. मित्रासाठी चालती वकिली टाकून समुद्र ओलांडणारा वकील आमच्या जिल्ह्यात होता, याचा अभिमान आहेच. फक्त दापुऱ्याहून अमरावतीचं अंतर विलायतेपेक्षा लांब पडलं. बॅरिस्टर पंजाबराव देशमुखांनी मंत्री असताना हे अंतर दुसऱ्या बाजूनं कमी करून पाहिलं. १९३३ च्या कर्ज लवाद कायद्यामागं त्यांचा आग्रह होता, असं वऱ्हाडात आजही सांगतात. एकेका कुळानं वकील कुठून आणायचा, त्यापेक्षा सावकारालाच तडजोडीसाठी बसवा, असा तो विचार.

आता अलीकडचं. २५ जुलै २०२५ रोजी दर्यापूरच्या न्यायालयाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं. उद्घाटक होते देशाचे तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई, आणि त्यांचं मूळ गाव याच तालुक्यातलं दारापूर. तो दिवस त्यांचे वडील रा. सू. गवई, म्हणजे आमचे दादासाहेब, यांच्या स्मृतिदिनाचा. वडिलांना वकील व्हायचं होतं, पण स्वातंत्र्य चळवळीतल्या अटकेमुळं ते राहून गेलं, ही आठवण सरन्यायाधीशांनी त्याआधी महिनाभर नागपूरच्या सत्कारात सांगितली होती आणि सांगताना त्यांचा गळा दाटून आला होता. मुलाला स्वतःला वास्तुविशारद व्हायचं होतं. अमरावतीच्या फ्रेझरपुऱ्यातल्या नगरपालिकेच्या शाळेत शिकलेला तो मुलगा १९८५ साली वकिलीत शिरला. दर्यापूरच्या भाषणात त्यांनी खुर्ची डोक्यात जाऊ देऊ नका, ती सेवेसाठी आहे, असं न्यायाधीशांपासून अधिकाऱ्यांपर्यंत सगळ्यांना बजावलं. नव्या दमाचे वकील ज्येष्ठ आले तरी खुर्चीतून उठत नाहीत, हा टोलाही मारला. आवारात हशा झाला. हसणाऱ्यांत उठणारे किती आणि न उठणारे किती, ते बार रूमलाच ठाऊक.

इमारत देखणी आहे. पण निंबापासून कोर्ट हॉलच्या दारापर्यंतचं अंतर इमारतीनं कमी होत नाही. त्यासाठी आपल्या कायद्यात तजवीज आहे, आणि ती चांगली आहे. राज्यघटनेचं २२ वं कलम अटक झालेल्याला पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क देतं. १९७६ च्या दुरुस्तीनं ३९ अ कलम आलं आणि पैशावाचून कुणाचा न्याय अडू नये हे राज्याचं कर्तव्य ठरलं. पण हे कलम कागदावरून तुरुंगात नेलं ते १९७८ च्या होस्कोट निकालानं. महाराष्ट्रातलीच केस. माधव होस्कोट सौराष्ट्र विद्यापीठात शिकवत होते, आणि कर्नाटक विद्यापीठाच्या बनावट पदव्या छापण्याच्या प्रयत्नाबद्दल त्यांना शिक्षा झाली होती. उच्च न्यायालयाच्या निकालाची नक्कल आपल्याला मिळालीच नाही, म्हणून अपिलाला चार वर्षं उशीर झाला, असं त्यांचं म्हणणं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यांचा अर्ज फेटाळला, पण फेटाळता फेटाळता देशभरच्या कैद्यांसाठी दोन गोष्टी ठरवून टाकल्या: निकालाची नक्कल कैद्याला फुकट आणि वेळेत मिळाली पाहिजे, आणि ऐपत नसेल तर वकील सरकारनं दिला पाहिजे. खोट्या कागदांच्या माणसानं लाखो लोकांना खरा कागद मिळवून दिला. त्याला स्वतःला काही मिळालं नाही.

अमेरिकेत हीच गोष्ट १९६३ साली क्लॅरेन्स गिडियन नावाच्या कैद्यानं केली होती. फ्लोरिडाच्या तुरुंगातून त्यानं पेन्सिलीनं अर्ज लिहिला. नंतर वकील मिळाला, खटला पुन्हा चालला आणि तो निर्दोष सुटला. आमचा होस्कोट हरला तरी कायदा जिंकला, त्यांचा गिडियन दोन्हीकडं जिंकला.

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा. अंमल सुरू झाला ९ नोव्हेंबर १९९५ पासून, मध्ये आठ वर्षं गेली. या कायद्यानं मोफत वकील कुणाला मिळतो हे इथं मुद्दाम लिहितो, कारण सुशिक्षितांनाही ते माहीत नसतं. स्त्रियांना आणि मुलांना मिळतो, त्यांचं उत्पन्न कितीही असो. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला मिळतो, तिथंही उत्पन्नाची अट नाही. अपंगांना, औद्योगिक कामगारांना, आपत्तीत सापडलेल्यांना, कोठडीत असलेल्या प्रत्येकाला मिळतो. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक ३ लाख रुपये उत्पन्नाची मर्यादा आहे. खारपाणपट्ट्यात एका पावसावर एक पीक काढणारा कोरडवाहू शेतकरी बहुतेक वेळा या मर्यादेत बसतो. तालुका पातळीवरच्या विधी सेवा समितीची तरतूद आहे, १५१०० हा फोन नंबर आहे. मग घोडं अडतं कुठं?

अडतं ते ‘फुकटचा’ या शब्दापाशी. आमच्याकडं फुकटच्या वस्तूवर कुणाचा विश्वास नाही, आणि तो चुकीचाच आहे असं मी म्हणणार नाही. बाबूजींच्या टेबलाशी बसलेल्या एका बाईला मी उत्साहानं सांगितलं होतं की तुम्हाला सरकारी खर्चानं वकील मिळेल. ती म्हणाली, “ज्याले मी पैसे देल्ले नाही, थो माह्या बाजूनं कायले बोलन?” तिनं दोन ग्रॅमची पोत गहाण ठेवून वकील केला. तो वकील वाईट नव्हता. पण यादीवरचा वकील कदाचित तोच असता. कित्येक तालुक्यांत खासगी आणि मोफत या दोन्ही खुर्च्यांवर तीच चार-सहा माणसं बसतात. फरक पडतो तो पक्षकाराच्या मनात, आणि हे लपवण्यात अर्थ नाही, कधीकधी वकिलाच्या मनातही. मोफत कामाचं मानधन तुटपुंजं, तेही उशिरा. ज्या प्रकरणातून घर चालतं त्याची तयारी रात्री आधी होते. म्हणून २०२२ पासून आलेली पूर्णवेळ पगारी बचाव वकिलांची योजना मला पटते. सरकारी वकील पगारी असतो, तर आरोपीचा वकील मेहेरबानीवर का असावा?

वकिलांचीही बाजू ऐकली पाहिजे, ती फारशी कुणी ऐकत नाही. तालुक्याच्या कोर्टात नवा मुलगा काळा कोट घालून येतो तेव्हा पहिली काही वर्षं तो सीनियरच्या फायली वाहतो, तारखा घेतो, आणि महिनाअखेर बापाकडं हात पसरतो. बार कौन्सिल ऑफ इंडियानं २०२४ साली सीनियरांना सुचवलं की ज्युनियरला शहरात महिना किमान २० हजार आणि ग्रामीण भागात किमान १५ हजार रुपये विद्यावेतन द्यावं. सुचवलं, इतकंच. अशा मुलाकडून गरिबांची फुकट वकिली करण्याची अपेक्षा धरणं म्हणजे उपाशी माणसाला उपासाचं महत्त्व सांगणं आहे. ज्याच्या घरी शेती किंवा दुसरी मिळकत आहे तोच टिकतो, आणि मग कोणत्या घरांतली मुलं वकील होतात आणि कोणत्या नाहीत हे आपोआप ठरतं. दादासाहेब गवईंचं वकील होणं राहून गेलं होतं. आज अशी किती राहून जातात?

लहान गावात आणखी एक अडचण आहे, तिच्याविषयी पुस्तकांत सहसा कुणी लिहीत नाही. मुंबईचा वकील कोर्टातून घरी गेला की शेजाऱ्याला त्याच्या पक्षकाराचं नाव ठाऊक नसतं. दर्यापूरचा वकील गावातल्याच बनोशाच्या बाजारात भाजी घेतो, त्याच लग्नाला जातो. अख्खं गाव ज्याच्यावर चिडलं आहे त्याचं वकीलपत्र घ्यायचं म्हणजे चारचौघांतली ऊठबस पणाला लावायची. काही ठिकाणचे वकील संघ तर ठराव करूनच मोकळे होतात की अमक्याचं वकीलपत्र कुणी घेऊ नये. सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली मोहम्मद रफी प्रकरणात असे ठराव बेकायदा आणि वकिलीच्या परंपरेला लाज आणणारे ठरवले. तरी ठराव न करता गप्प राहण्याला कोणतं न्यायालय काय करणार?

२६/११ च्या दहशतवादी हल्ल्याच्या खटल्यात मुंबईनं हे सगळं पाहिलं. पकडलेला हल्लेखोर कसाब याच्यासाठी मोफत वकिलांच्या यादीतल्या अंजली वाघमारे यांची नेमणूक झाली तेव्हा त्यांच्या घरावर जमाव चालून आला. पुढं हल्ल्यातल्या एका साक्षीदाराच्याही त्या वकील असल्याचं समोर आल्यावर न्यायाधीशांनी त्यांना बाजूला केलं आणि अब्बास काझमी आले. त्यांच्यानंतर के. पी. पवार. कसाबला फाशीची शिक्षा झाली, ती २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात कायम झाली. ‘एवढ्याचसाठी वकिलाचा खर्च कशाला केला’ असं म्हणणारे मला अजून भेटतात. त्यांना मी त्याच खटल्याची दुसरी बाजू सांगतो. फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद हे दोघे आरोपी त्याच न्यायालयातून, त्याच निकालात, मे २०१० मध्ये निर्दोष सुटले. आणि ती सुटका वरपर्यंत टिकली. फहीमचे वकील शाहिद आझमी. निकाल ऐकायला ते नव्हते. फेब्रुवारी २०१० मध्ये कुर्ल्यातल्या त्यांच्या कचेरीत त्यांना गोळ्या घातल्या गेल्या होत्या.

कोठडीतल्यांचा आकडा एकदा नजरेखालून घालावा. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, त्यांतली ४,३४,३०२ कच्चे कैदी. म्हणजे चारांतल्या तिघांचा गुन्हा अजून ठरायचाच आहे. यांतल्या अनेकांच्या जामिनाचा अर्ज कुणी लिहिलेला नसतो, किंवा जामीन होऊनही जामीनदार मिळत नसतो.

वकील मिळाल्यावर सगळं सुरळीत होतं असंही नाही. वकीलपत्राचा छापील नमुना एकदा वाचून पाहा. त्यावर कोर्ट फीचं तिकीट असतं, वकील कल्याण निधीचं तिकीट असतं, आणि बारीक टायपात लिहिलेलं असतं की माझ्या वतीनं तडजोड करण्याचा, दावा काढून घेण्याचा, रक्कम उचलण्याचा अधिकार मी देत आहे. शेतकरी तिथं सही करतो ती नावाखाली जागा रिकामी दिसते म्हणून. पुढं लोकअदालतीत प्रकरण मिटतं, आणि त्या निवाड्यावर अपील नसतं. लोकअदालत वाईट नाही, भावाभावांचे वाद तिथं मिटलेले मी पाहिले आहेत. पण ‘मिटवून टाका’ आणि ‘मिटलं’ या दोन शब्दांमध्ये कुणीतरी पक्षकाराला कोपऱ्यात नेऊन पाच मिनिटं समजावलेलं असावं लागतं.

एक छोटी गोष्ट सांगायची राहिली. उन्हाळ्यात शेतकरी रिकामा असतो, तेव्हा कोर्टाला सुट्टी. मृग लागला की कोर्ट उघडतं, आणि तारीख पडते ती पेरणीत. तिफण उभी ठेवून माणूस एसटीनं येतो. बोर्डावर नाव लागतं आणि साडेबाराला पुढची तारीख मिळते. सुट्ट्यांचा तक्ता कुणी जाणून शेतकऱ्याविरुद्ध केलेला नाही. पण तो करताना शेतकरी कुणाच्या डोळ्यांपुढं नव्हता, एवढं खरं.

भाषेचंही तसंच. १९९८ साली महाराष्ट्रानं जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरवली, तरी कित्येक अर्ज आजही इंग्रजीतच होतात आणि पक्षकार शेजारी उभा राहून आपल्याच दुःखाची गोष्ट परक्या भाषेत ऐकतो. म्हणून ६ नोव्हेंबर २०२५ चा मिहिर शाह प्रकरणातला निकाल मला महत्त्वाचा वाटतो. प्रकरण वरळीतल्या अपघाताचं. सरन्यायाधीश गवई आणि न्यायमूर्ती मसीह यांच्या खंडपीठानं सांगितलं की गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणं लेखी दिली पाहिजेत, आरोपीला समजेल त्या भाषेत दिली पाहिजेत, आणि कोठडीसाठी न्यायाधीशांपुढं उभं करण्याच्या किमान दोन तास आधी तरी दिली पाहिजेत. हे दोन तास कशासाठी? वकिलाला तो कागद वाचता यावा म्हणून. देवाच्या फोटोमागं समन्स ठेवणाऱ्या आमच्या शेतकऱ्याला दोन तासांची नाही, दोन मिनिटांची गरज होती.

पुढच्या पानांत वाचकाला कलमं भेटतील, नमुने भेटतील, वकिलाशी काय बोलावं आणि पावती का मागावी हेही भेटेल. वकिलांनी ते वाचताना राग धरू नये. यातलं बरंचसं त्यांच्याच तोंडून ऐकलेलं आहे.

बाबूजींची एक रीत होती. अर्ज लिहून झाला की पक्षकार घाईनं अंगठा पुढं करायचा. “तुमी लिहाल थे बराबर,” म्हणायचा. बाबूजी खण उघडत नसत. चष्मा लावून सगळा अर्ज पहिल्यापासून मोठ्यानं वाचायचे, प्रत्येक वाक्याला थांबून ‘हे असंच आहे न?’ विचारायचे. मागं रांग कुरकुरायची, मीही कुरकुरायचो. एकदा दीड पान लिहिलेला अर्ज वाचून झाल्यावर एक म्हातारी म्हणाली, “मव्हा लेक मले मारते असं काहून लिहिलं? थो मारत नाही. थो बोलत नाही.” बाबूजींनी माझ्याकडं पाहिलं. ते वाक्य मी घातलं होतं, अर्ज भक्कम व्हावा म्हणून. त्यांनी कागद फाडला, कार्बन नवा लावला, आणि दुसरा कोरा कागद माझ्यापुढं सरकवला. पहिल्या कागदाचे पैसे त्या दिवशी माझ्या मजुरीतून गेले.